उपाशी की जेवलेल्या?

"दोनशे सत्तेचाळीस," मी वाचलं.

तालुका आरोग्य अधिकारी कोठावळे साहेबांनी आकडा कागदावर उतरवला आणि मान वर न करता म्हणाले, "पुढची."

पुढची द्वारका. तिनं बोट पुढं केलं, मी टोचलं, थेंब साखर मोजायच्या पट्टीला लावला. यंत्र पाचापासून उलटं मोजत आलं.

"दोनशे बासष्ट."

"पुढची."

बोरतळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली मागची खोली. सकाळचे आठ. सतरंजीवर बारा बाया गोल करून बसलेल्या, चपला दाराबाहेर. साहेब तेवढे खुर्चीवर, बुटांसकट. खिडकीशी आमचे डॉक्टर, निनाद उपळेकर. प्रत्येक आकड्यागणिक त्यांचे खांदे थोडे थोडे खाली येत होते. हा गोल त्यांनी भरवला होता, सहा महिने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. तो ठेवायचा की मोडायचा, हे त्या शनिवारी साहेब ठरवणार होते.

मी तिथली नर्स, शालन खरमाटे. नोकरी सुटून आता सहा वर्षं झाली. उभ्या जन्मात किती बोटं टोचली त्याची गणती नाही. ती बारा बोटं मात्र अजून डोळ्यांपुढं आहेत. शेणानं पिवळी झालेली, विळ्यानं चिरलेली, हळदीनं माखलेली.

गोल म्हणजे काय ते सांगते. आधी साखरेचे पेशंट रांगेत उभे राहायचे. दोन तास उभं राहायचं आणि दोन मिनिटं डॉक्टरांपुढं बसायचं. "गोळ्या घ्या, गोड खाऊ नका, पायाला जपा." हेच बारा जणींना बारा वेळा. एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "शालनताई, यांना एकदमच बसवलं तर?" तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी बाया, गुरुवारी पुरुष. सगळ्यांदेखत वजन, सगळ्यांदेखत रक्तदाब, सगळ्यांदेखत साखर. मग गप्पा. कुणाची सून चोरून साखर घालते, कुणाला गोळीनं मळमळतं, भाकरी चतकोर कमी केली तर पोट कशानं भरायचं. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगावी, बायांनी चार सांगाव्यात.

गोलाचा पहिला नियम: पाय पुढं. साखरेनं तळव्यांची जाणीव जाते, काटा रुतला तरी कळत नाही. आणि तळवा तर आपला आपल्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येकीनं शेजारणीचा पाय मांडीवर घेऊन बघायचा. पहिल्या दिवशी लाजेनं कुणी पाय लुगड्याबाहेर काढीना. दुसऱ्या मंगळवारी अनुबाईंच्या टाचेत बाभळीचा काटा सापडला, आठ दिवसांचा, आत पू धरलेला. अनुबाईंना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय असल्याच एका काट्यापायी गुडघ्यापासून गेला होता आणि पायामागं वर्षभरात बहीणही. काटा निघाला तेव्हा अनुबाई किती तरी वेळ आपली टाच हातात धरून बसल्या, तान्हं मूल धरावं तशी. मग म्हणाल्या, "हा गोल हाय तवर माझा पाय हाय." द्वारका गळ्याची गोड आणि तोंडाची तिखट. तिनं तिथल्या तिथं ओवी जोडली:

माझा तळपाय बाई, मला कधी ना दिसला
सई बघती वाकून, काटा कुठं गं बसला

तेव्हापासून पाय बघायची वेळ झाली की ती ओवी व्हायची.

त्या शनिवारी ओवी झाली नाही. आकडेच चालले होते. अनुबाईंचा दोनशे अडतीस निघाला. बोटानं चहाडी केल्यासारखं त्यांनी बोटाकडं बघितलं. सगळ्यांत शेवटी जैबूनभाबी मुलाणी.

"एकशे बारा."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "यंत्र चुकलं असेल. परत करा."

मी दुसरं बोट टोचलं. "एकशे दहा."

"बारातली एक," साहेब म्हणाले. त्यांनी टोपण लावलं. टक्कन झालेला तो आवाज मला न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा लागला. "डॉक्टर, आठवड्याचे दोन अर्धे दिवस, एक नर्स, एक खोली. आणि निकाल हा. हे दवाखान्याचं काम नव्हे, भजनी मंडळ आहे. एक पेशंट, एक केसपेपर, रांगेनं यायचं. येत्या मंगळवारपासून गोल बंद."

"सर, मंगळवारचे आकडे बघा ना. जेवणानंतरचे आहेत, सहा महिन्यांत सगळ्यांचे उतरलेत."

"म्हणूनच मी फास्टिंग मागितलं. मंगळवारी इथं यायचं म्हणून दोन दिवस जपायचं आणि बाकी घरी बसून जिलेबी हाणायची. फास्टिंगचा आकडा बरोबर चोरी पकडतो."

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस होता, आणि त्यांच्या हातातले आकडे खरेच वाईट होते.

"जिलेबी?" अनुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "साहेब, दिवाळीला नातवानं व्हटापाशी धरलेली करंजी मी म्हागं सारली. पोरगं रडलं. अन् तुमी जिलेबी काढता? शब्द म्हागं घ्या."

"आजी, मी नाही बोलत. आकडा बोलतोय."

"आजी कुणाला म्हणता? तुमच्याबी डोस्क्यावर पिकलंय."

बाया फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. कागद पिशवीत घालायला लागले. तेवढ्यात द्वारका जैबूनभाबींकडं वळली.

"का गं भाबी, तू एकलीच कशी पास झालीस? आमच्या चोरून काय औषध घेतलंस?"

"औषध कसलं? बाईंनी सांगितलं, शनिवारी उपवास धरून या. धरला. रात्री जेवल्यापासनं तोंडात काय न्हाय. पाण्याचा घोट न्हाय. थुंकीबी गिळली न्हाय."

"म्हंजी? काहीच खाल्लं न्हाईस?"

"उपवासाला कोन खातं का?"

"अगं, तू रोजा धरलास व्हय! उपवास म्हणलं होतं की बाईंनी. मीबी धरला. वाटीभर साबुदाणा, वर कूट, दोन केळी." मग मान ताठ करून, "चहा मात्र बिनसाखरेचा."

"मी भगर अन् शेंगदाण्याची आमटी," एकजण म्हणाली.

"मी राजगिऱ्याचा लाडू. एकच."

"मी रताळं. नुसतं उकडल्यालं, तुपाचा थेंब न्हाय."

एकेकीचं ऐकत गेले आणि कुठं चुकलं ते माझ्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, बायांना उपाशी पोटी यायला सांगा." उपवास हा शब्द त्यांचा नव्हता. तो माझा होता.

आणि तो मी चुकून वापरला नव्हता.

गोल सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. एकदा रांगेतल्या अनुबाईंना मी सांगितलं होतं, "उद्या उपाशी या हं, रक्त घ्यायचंय." तशा त्या पिशवी उचलून चालायला लागल्या. मी मागं धावले, बाहेरच्या लिंबाखाली गाठलं. म्हणाल्या, "बाई, त्यो शब्द मला म्हणू नका. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जायची मी. पाटी घेतली की मुकादम इचारायचा, उपाशी का जेवलेली? उपाशी म्हणलं की म्हणायचा, मग हात काय चालणार तुझा, जा घरी. म्हणून रोज सांगायची, जेवलेली हाय. आतडी पिळवटायची अन् वरनं ढेकर द्यायची, खोटी. माझी आईबी द्यायची, माझी बहीणबी. त्यो शब्द जन्मात मी तोंडातनं काढला न्हाय. तुमीबी माझ्यापुढं काढू नका."

मी शब्द दिला होता, काढणार नाही म्हणून. तो पाळला. आणि त्या जागी दुसरा, देवाघरचा, सोवळा शब्द ठेवला. उपवास. आमच्या बाया उपवासाला काय काय खातात हे मला माहीत नव्हतं का? मी स्वतः दर चतुर्थीला खिचडी करते. पण मायेनं माणूस आंधळं होतं तशी मी झाले.

आता गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी कंत्राटी. मार्चमध्ये माझ्या मुदतवाढीवर सही करणार होते तेच साहेब समोर होते. पण गप्प बसले असते तर त्या अकरा जणी कायमच्या चोर ठरल्या असत्या.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "या बायांनी चोरी केली नाही. मी सांगितलं तसंच वागल्या. यांना उपाशी यायला सांगायचं होतं, मी उपवास धरून या म्हणाले. भाबी सोडून सगळ्या आत्ता तासाभरापूर्वी खाऊन आल्यात. हे फास्टिंगचे आकडेच नाहीत."

"नर्सला उपवास आणि उपाशी यातला फरक कळत नाही?"

"कळतो."

"मग?"

मी अनुबाईंकडं बघितलं. लिंबाखालची ती गोष्ट माझी नव्हती, चारचौघांत उघडी करायला. "मग काही नाही," मी म्हणाले. "चूक माझी."

"नोटीस मिळेल तुम्हाला. लेखी उत्तर द्यायचं."

"देईन. पण हे आकडे खोडा."

"मी लिहिलेलं खोडत नाही. सोमवारी दहाला अहवाल जिल्ह्याला जातो. अशा मंडळाचं काय करायचं ते त्यात आहे."

"मग उद्या परत टोचा की," द्वारका म्हणाली. "बोटं आमची हायत, कुठं पळून जात न्हाईत."

"उद्या रविवार." साहेब दाराकडं निघाले. गोलाच्या मधून गेले. बुटाची माती सतरंजीवर उमटली, अगदी जिथं पाय बघायला पाय ठेवायचे तिथं. द्वारकेनं ती माती बघितली. आणि साहेब उंबऱ्यावर असतानाच तिचा आवाज उठला:

गोल आमुचा मोडाया, कोण साहेब गं आला
त्याच्या पायाचा तळवा, कुणी नाही पाहियेला

साहेब क्षणभर थबकले. मागं न बघता गाडीत जाऊन बसले.

बाया चपला शोधायला लागल्या. अनुबाई माझ्यापाशी आल्या. "माझ्यापायी झालं न्हवं?"

"नाही हो."

"खोटं बोलू नका, तुमाला येत न्हाय. मला येतं, मी लई बोललीय." पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं, जिथं मी टोचलं होतं तिथं. "सोमवारी साहेब हपिसात कवा येतो?"

"आठला म्हणतात. का?"

"पहिली एस्टी सव्वासहाची. काय गं बायांनो?"

द्वारका म्हणाली, "काय खायाचं न्हाय आता. साबुदाण्याकडं तर बघायचंबी न्हाय."

"भाबीला इचारा कसं करायचं ते," दुसरी म्हणाली. जैबूनभाबी जन्मात पहिल्यांदा गोलाच्या मास्तरीण झाल्या. "पाणी चालतं का, बाई?" त्यांनी मलाच विचारलं.

"चालतं, भाबी. पाणी भरपूर प्या. आणि गोळी तपासल्यावर."

डॉक्टरांनी खिडकीशी उभं राहून हे सगळं ऐकलं. पट्ट्यांची नवी डबी आणून माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "मी मोटारसायकलवर पुढं येतो. मला सोडून जाऊ नका."

सोमवारी एस्टीत आम्ही तेरा जणी. वाटेत एका देवळाच्या थांब्यावर कुणी भगत चढला, पेढ्याचा प्रसाद वाटत आला. द्वारकेनं दोन्ही हात पाठीमागं नेले. "आज न्हाय, दादा. देवाला सांगा, साखरवाल्या बाया हपिसात निघाल्यात." भगत गोंधळला. जैबूनभाबींनी तोंडाला पदर लावला. खालच्या ओढ्यावरून धुकं सरकत होतं, शाळूची कणसं दुधावर आली होती, आणि कुणाच्या पोटाचा आवाज झाला की सगळी एस्टी हसत होती.

अनुबाई हसत नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. रस्त्याकडेला खडीचे ढीग होते.

कार्यालयाच्या व्हरांड्यात चपला काढून बाया गोल करून बसल्या. शिपाई धावत आला. "ए बायांनो, हितं बसायचं न्हाय. आत बाकडं हायत."

"बाकड्यावर गोल व्हतो का?" द्वारका म्हणाली. "सरक तिकडं, उजेड अडवू नगंस."

आठला पाच कमी असताना साहेबांची गाडी आली. पायरीवर ते थांबले. बारा बाया, मधे मी यंत्र घेऊन, खांबाला टेकलेले डॉक्टर.

"हे काय आहे, उपळेकर?"

"फास्टिंग आहे, सर. खरं. दहा मिनिटं लागतील, अहवाल दहाला जातो."

"एकेकीला आत पाठवा."

"आत न्हाय," अनुबाई म्हणाल्या. "हितंच. सगळ्यांदेखत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. फाटकाशी चार माणसं जमली होती, तीही बघितली. मग शिपायाला खुर्ची आणायला सांगितली, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा मागवला. "यंत्र इकडं द्या. मी टोचणार, मी वाचणार, मी लिहिणार."

"टोचा," अनुबाई म्हणाल्या आणि पुढं झाल्या.

साहेब अर्ज भरायला लागले. आमचा तो छापील अर्ज मला तोंडपाठ होता. नाव, वय, गाव, आणि खाली एक रकाना. त्या रकान्यात काय विचारतात ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"नाव?"

"अनुबाई धोंडी खोत."

"वय?"

"साठाच्या आतबाहेर."

"गाव?"

"बोरतळे."

आणि मान खाली घालूनच, दिवसातून पन्नास वेळा विचारतात तशा कोरड्या आवाजात, साहेबांनी विचारलं, "उपाशी की जेवलेल्या?"



अनुबाईंच्या पुढं केलेल्या हाताची मूठ मिटत गेली. मला वाटलं, आता ढेकर देतील. मी पुढं सरकले, त्यांच्या वतीनं काहीतरी बोलायला, कुठला तरी तिसराच शब्द शोधत. अनुबाईंनी माझ्याकडं न बघता दुसरा हात उचलला. थांबा.

"अहो, उपाशी की जेवलेल्या?"

"उपाशी," अनुबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण फाटकापर्यंत गेला.

"उपाशी हाय, साहेब. रात्रीपासनं. मोठ्या अक्षरात लिवा. कुणी मला ठेवली न्हाय, मी माझ्या मनानं आलीय उपाशी." मूठ उघडली, बोट ताठ झालं. "आता घरी धाडून दाखवा."

साहेबांनी वर बघितलं. त्यांना काय समजणार होतं? पण काहीतरी समजलं असावं. मग त्यांनी अर्जावर लिहिलं, बोट पुसलं आणि माझ्यापेक्षा हलक्या हातानं टोचलं. यंत्र पाचापासून उलटं मोजत आलं.

"एकशे एकोणीस," साहेबांनी वाचलं.

"परत करा," द्वारका मागून म्हणाली. "यंत्र चुकलं असंल."

त्या दिवशी बारातल्या दहा जणींचे आकडे दीडशेच्या आत निघाले. दोघींचे थोडे वर होते, द्वारका त्यांतली एक. तिनं कबूल केलं की आदल्या दिवशी वास्तुशांतीत अर्धी पुरणपोळी खाल्ली होती. साहेबांनी शनिवारचा कागद फाडला नाही, त्याला हे बारा अर्ज जोडले आणि वर लिहिलं, 'चालू ठेवण्यास हरकत नाही.' माझी नोटीस मात्र आली. 'चुकीचा शब्द वापरल्याबद्दल' असं तिच्यात आहे. अजून ट्रंकेत आहे माझ्या, लुगड्यांच्या घडीत.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा, साहेब दुसरीचा अर्ज भरायला घेत होते आणि अनुबाई आपल्या जागेवर गेल्या होत्या. पिशवीतली भाकरी त्यांनी काढली, मोजून चतकोर मोडली, बाकीची गुंडाळून ठेवली. पहिला घास सगळ्यांदेखत सावकाश चावला. मग तालुक्याच्या त्या गुळगुळीत फरशीवर, साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर, आपला उघडा पाय लांब केला आणि जैबूनभाबींच्या मांडीवर टाकला.

"बघ गं," त्या म्हणाल्या. "एस्टीतनं उतरताना काय रुतलंय का."